बाई आत आल्या की

काका कवळ्या करायचे. दातांच्या दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे ठसे त्यांच्याकडे यायचे, त्यांवरून ते मेणात एकेक दात बसवायचे, मग भट्टीत पक्कं करून, घासूनपुसून, चकाकी आणून परत पाठवायचे. प्रयोगशाळा म्हणायची एवढंच. एका इमारतीच्या मागच्या अंगाला तीन टेबलं, एक भट्टी आणि सतत घरघरणारं पॉलिशचं यंत्र. तिथे सगळे त्यांना काकाच म्हणायचे. त्यांची बायको शाळेत मुख्याध्यापिका. आसपासच्या अर्ध्या लोकांना त्यांनी कधी ना कधी शिकवलेलं, त्यामुळे रस्त्यात, दुकानात, दवाखान्यात सगळीकडे त्या बाई होत्या. त्यांच्या चपलांचा आवाज व्हरांड्यात आला की वर्गच्या वर्ग चिडीचूप व्हायचे, आणि याचा बाईंना थोडा अभिमानही होता.

एका दुपारी मेणाची सुरी हातात असतानाच काकांच्या छातीत धडधडायला लागलं. बोटं बधिर झाली, श्वास पुरेना, शर्ट घामाने भिजला. सहकाऱ्यांनी त्यांना उचलून इस्पितळात नेलं. बाई शाळेतून तडक तिथे पोचल्या आणि थोड्याच वेळात नर्सपासून वॉर्डबॉयपर्यंत सगळे कामाला लागले. सगळ्या तपासण्या झाल्या. हृदय ठणठणीत होतं. बाईंचा जीव भांड्यात पडला.

पण पुढच्या महिन्यात तेच पुन्हा झालं, आणि त्यानंतर आणखी एकदा. हृदयाच्या डॉक्टरांनी शेवटी सांगितलं की यांच्या हृदयात दोष नाही, ते उगाच पळवलं जातंय. कसली काळजी आहे का, असं त्यांनी विचारलं. काका म्हणाले, नाही. बाईही नाही म्हणाल्या, आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे ते खरंच होतं. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात सुखात होती, काकांना काम आवडत होतं, घरात कधी भांड्याला भांडं लागलं नव्हतं.

डॉक्टरांनी त्यांना त्याच इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर पाठवलं. खोलीच्या दारावर 'बायोफीडबॅक' अशी पाटी होती. आतली थेरपिस्ट तिशी ओलांडलेली होती, पण घरी दोघंही तिला 'ती मुलगी' म्हणू लागले. बोलायची हळू, आणि समोरच्याचं बोलणं संपल्यावरही थोडं थांबायची. तिने काकांना सांगितलं, आरसा नसेल तर भांग सरळ पाडता येत नाही, तसंच हे. आत काय चाललंय ते दिसत नाही म्हणून ते आवरताही येत नाही. हे यंत्र म्हणजे आरसा.

काकांच्या बोटांना तिने लहान टोप्या अडकवल्या. एक नाडीसाठी, एक घामासाठी, एक बोटाच्या उष्णतेसाठी. पोटाभोवती श्वासाचा पट्टा बांधला. समोरच्या पडद्यावर रेघा सरकू लागल्या. शरीर घाबरलं की रक्त हातापायांकडून काढून घेतं, बोटं गार पडतात, तळव्यांना घाम येतो. श्वास लांब आणि सावकाश सोडायला शिकलं की हळूहळू उलटं होतं, बोटं पुन्हा ऊब धरतात. ते ऐकून काका पुढे सरकून बसले. हाताने काम करणारा माणूस. मेण किती तापलंय हे त्यांना नुसतं बोटाने कळायचं, पण आपलीच बोटं बर्फासारखी झालीत हे त्यांना आजवर कळलं नव्हतं.

ते मन लावून शिकले. दर आठवड्याला जायचे, डोळे मिटून बसायचे, कुठलीतरी उबदार जागा मनात आणायचे. तिसऱ्या-चौथ्या खेपेला उष्णतेची रेघ आपल्या मनाने वर नेता आली तेव्हा ते लहान मुलासारखे हसले. बाई बाहेर बाकावर उत्तरपत्रिका तपासत बसायच्या. नवरा बरा होतोय म्हणून त्या खूश होत्या, आणि त्याला वेळेवर इथे आणणारी आपण आहोत म्हणूनही.

त्या दिवशी थेरपिस्टने त्यांना सांगून ठेवलं होतं की अर्ध्या तासाने आत या, घरी वापरायचं छोटं यंत्र तुम्हालाही दाखवते. बाईंनी घड्याळ बघितलं, उठल्या, वर्गाच्या दारावर वाजवायच्या तसं एका बोटाने दार वाजवलं आणि आत गेल्या.

काका डोळे मिटून बसले होते. चेहरा शांत होता. पण पडद्यावरची घामाची रेघ सरळ वर उठली. नाडीच्या लाटा आखडल्या. थोड्या वेळाने उष्णतेची रेघ घसरायला लागली आणि घसरतच राहिली. काकांनी डोळे उघडून बायकोकडे बघितलं आणि हसून म्हणाले, "ये, बस."

थेरपिस्ट म्हणाली की दार वाजलं की कोणीही दचकतं, त्यात विशेष काही नाही. बाईंनी मान हलवली. त्या बसल्या, घरच्या यंत्राची माहिती लक्ष देऊन ऐकली, दोन-तीन शंका विचारल्या. तोवर रेघा पुन्हा ताळ्यावर आल्या होत्या. मग त्या म्हणाल्या, माझा चष्मा बाहेर राहिला. चष्मा त्यांच्या पर्समध्येच होता. त्या बाहेर गेल्या, थोडं थांबल्या, आणि या वेळी दार न वाजवता, चपलांचा आवाज न करता आत आल्या. काकांचे डोळे पुन्हा मिटलेले होते, पण त्यांना कळलं. पडद्यालाही कळलं. सगळं पहिल्यासारखंच झालं.

बाई कोणाला आडून विचारणाऱ्या नव्हत्या. काका बूट घालत असताना त्यांनी थेरपिस्टला व्हरांड्यात गाठलं आणि विचारलं, "हे माझ्यामुळे होतं का?"

ती थोडी थांबली. म्हणाली, "यंत्राला भीती कळत नाही, बाई, आणि प्रेमही कळत नाही. शरीर जागं झालं एवढंच त्याला कळतं. आवडतं माणूस आलं तरी घामाची रेघ वर जाते."

"आणि बोटं? आवडतं माणूस आल्यावर बोटं गार पडतात?"

 यावर मात्र ती, त्यांच्याशी बोलून बघा, एवढंच म्हणाली.

घरी जाताना काकांनी गंमत केली की यंत्रालासुद्धा तुझा वचक बसलाय. दोघंही हसले.

ते छोटं यंत्र जेवणाच्या टेबलावर आलं. डबीएवढं होतं, त्यावर बोटाचं तापमान आकड्यात दिसायचं. संध्याकाळी कामावरून आल्यावर काका ते लावून बसायचे. बाईंनी पुढचे काही दिवस काहीच विचारलं नाही, फक्त शाळेतून आल्यावर दारातून तो आकडा बघायच्या. चप्पल काढेपर्यंत तो उतरायला लागायचा. त्या स्वयंपाकघरात गेल्या की थांबायचा. त्या बाहेर येऊन बसल्या की पुन्हा उतरायचा. एकदा शेजारीण साखर मागायला आली आणि पंधरा मिनिटं तोंडाचा पट्टा चालवत बसली. आकडा जागचा हलला नाही.

त्या दिवशी शेजारीण गेल्यावर बाई काकांच्या समोर येऊन बसल्या.

"तुम्हाला माझी भीती वाटते?"

"छे. भीती कशाला वाटेल? तू काय मारतेस का?"

"मग काय होतं तुम्हाला?"

काका यंत्राची वायर बोटाभोवती गुंडाळत राहिले.  मग म्हणाले, "तू आलीस की वाटतं, आपलं काहीतरी चुकलंय. काय चुकलंय ते तू चप्पल काढून आत येईपर्यंत आठवत बसतो."

"मी कधी बोलले तुम्हाला? एक शब्द तरी?"

"नाही. तू बोलत नाहीस. तू बघतेस."

बाई उठून आतल्या खोलीत गेल्या आणि पलंगावर बसून राहिल्या. हे खरं होतं. घरात पाऊल टाकलं की त्यांची नजर एकदा घरभर फिरायची. उगाच चालू राहिलेला पंखा, खुर्चीवर टाकलेला ओला टॉवेल, नीट बंद न केलेला नळ. त्या तोंडातून ब्र काढायच्या नाहीत. पंखा बंद करायच्या, टॉवेल वाळत घालायच्या, नळ पिळून बंद करायच्या. इतर बायका केवढा आरडाओरडा करतात, आपण गुपचूप आवरतो, हा आपला मोठेपणा आहे असं त्यांना वाटत आलं होतं. आता कळलं, की त्या पंखा बंद करत असताना दुसऱ्या खोलीत एका माणसाची बोटं गार पडत होती.

आणि मग त्यांना राग आला. सासूच्या शेवटच्या आजारपणात रात्रंदिवस कोण उभं राहिलं? काकांचं मन आधीच्या नोकरीत रमेना तेव्हा, सोडा आणि आवडेल ते शिका, असं कोण म्हणालं? शाळा सुटल्यावर इतरांसारखं गप्पा मारत न थांबता घराकडे धावत कोण यायचं? धावत यायचं, आणि ज्याच्यासाठी यायचं त्याने आपल्या पावलांचा धसका घ्यायचा. एवढ्या वर्षांत एकदा सांगावंसं वाटलं नाही याला? ज्या गोष्टीसाठी आपण कुठल्याही पोराला वर्गात धारेवर धरलं असतं ती या माणसाने आयुष्यभर केली होती, गप्प राहून फसवलं होतं. पण हे त्याला सुनवावं तर यंत्रावरचा आकडा आणखी खाली जाणार होता.

त्यांनी मुलीला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, तुला लहानपणी माझी भीती वाटायची का. मुलगी हसली आणि म्हणाली, आई, सगळ्यांनाच वाटायची. मग घाईघाईने म्हणाली, म्हणजे चांगल्या अर्थाने गं. शिस्त लागली आम्हाला. बाबा आणि मी तर तुझी चाहूल लागली की आधी टीव्ही बंद करायचो आणि मग एकमेकांकडे बघून हसायचो. बाईंना हे पहिल्यांदाच कळत होतं. आपण दाराबाहेर असताना आत दोघं हसत असायचे.

त्यानंतर बाईंनी स्वतःला बदलायचं ठरवलं, आणि ठरवलं म्हणजे बाई ते करणारच. किल्ली असूनही त्या बेल वाजवू लागल्या. आत आल्यावर नजर जमिनीवर ठेवायच्या. ओला टॉवेल खुर्चीवर तसाच राहायचा आणि त्याच्या कुबट वासात त्या जेवायच्या. शाळेत काम नसतानाही उशिरापर्यंत बसायच्या. शिपायाला कुलूप लावायचं असायचं, तो दोनदा डोकावून जायचा.

याने काकांचं आणखी बिघडलं. आधी निदान वेळ ठरलेली असायची. आता त्या कधी येतील याचा नेम नव्हता, आणि आल्यावर बघत का नाहीत, कशावर चिडल्यात, हेही कळत नव्हतं. एका संध्याकाळी बेल वाजताच त्यांना पुन्हा तसाच झटका आला. बाईंनी त्यांना धरून बसवलं तर त्यांनी हात सोडवून घेतला. मुद्दाम नाही, श्वास घ्यायला जागा हवी होती. पण बाईंना ते लागलं.

पुढच्या वेळी दोघंही थेरपिस्टसमोर बसले आणि काकांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. तिने दोघांनाही दोष दिला नाही. म्हणाली, यावर सराव करता येईल. बाईंनी समोर बसायचं, काकांनी रेघांकडे बघत श्वास सांभाळायचा. सुरुवातीला बाई दारात उभ्या राहतील, मग खोलीच्या मधोमध, मग शेजारच्या खुर्चीत. बाईंना त्यांच्या शाळेतला एक मुलगा आठवला. त्याला कुत्र्यांची भीती होती आणि त्याच्या आईने अशीच सवय केली होती, आधी फाटकाबाहेर, मग अंगणात, मग कुत्र्याच्या पाठीवर हात. त्यांनी तसं बोलून दाखवलं नाही. ठीक आहे, म्हणाल्या.

कितीतरी आठवडे त्या दर शुक्रवारी त्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. मग मधोमध. तिथे ना बसता येत होतं, ना काही करता येत होतं. नुसतं उभं राहायचं आणि आपला नवरा आपल्याला सहन करायला शिकतोय ते पडद्यावर बघायचं. एकदा रेघ भरकन घसरली तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आता तर मी श्वाससुद्धा घेत नाहीये." थेरपिस्टने मान वळवून घेतली. काका म्हणाले, सॉरी. तो शब्द बाईंना सगळ्यात जास्त झोंबला.

पण काकांना जमलं. कामात ते चिकाटीचेच होते, एकेक दात बसेपर्यंत मान वर न करणारे. एका शुक्रवारी बाई शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या, थेरपिस्टच्या सांगण्यावरून त्यांनी काकांना उलटसुलट प्रश्नही विचारले, काल दिवा कोणी चालू ठेवला, बिल भरलं का. आणि उष्णतेची रेघ टेबलाच्या कडेसारखी सपाट राहिली. थेरपिस्टच्या डोळ्यांत पाणी आलं. हृदयाचे डॉक्टर मुद्दाम वर येऊन बघून गेले आणि बाईंना म्हणाले, अशी साथ देणारी बायको सगळ्यांना मिळत नाही. बाई हसल्या. काकांचे झटके थांबले ते थांबलेच. प्रयोगशाळेत त्यांनी सगळ्यांना चहा पाजला.

घरीही आता ठीक होतं. बाई किल्लीने दार उघडून आत यायच्या, वाटेल तिकडे बघायच्या. काका हसून विचारायचे, आलीस? आणि मग त्यांचे खांदे किंचित खाली यायचे आणि नाकातून लांब, सावकाश श्वास बाहेर पडायचा. दुसऱ्या कोणाला ते कळलं नसतं. बाईंना कळायचं, कारण त्यांनी ते शिकवलं जाताना बघितलं होतं. भाजीला काय आणू विचारलं की तो श्वास. मुलीच्या बोलण्यात आज काहीतरी खटकलं म्हटलं की तो श्वास. मग काका प्रसन्न चेहऱ्याने योग्य ते उत्तर द्यायचे.

अशातच बाईंची धाकटी बहीण गेली. लहान गावात एकटीच राहायची, नवरा आधीच गेलेला, मूलबाळ नव्हतं. सकाळी अंघोळीला गेली आणि तिथेच पडली. फोन शाळेत आला. बाईंनी तो ऐकला, उरलेला तास दुसऱ्या शिक्षिकेला दिला आणि घरी आल्या. काकांची त्या दिवशी सुट्टी होती. ते खिडकीशी बसून रेडिओ ऐकत होते.

बाई दारातच म्हणाल्या, "माझी बहीण गेली." आणि चप्पल न काढता तशाच आत येऊन त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या. लग्न झाल्यापासून त्या नवऱ्यासमोर अशा कधी बसल्या नव्हत्या, मोडून पडल्यासारख्या. त्यांनी काकांचा हात धरला. तो कोरडा होता, छान उबदार होता. काकांनी रेडिओ बंद केला. त्यांचे खांदे खाली आले. पोट हळूच फुगलं आणि मग तो लांब श्वास सुरू झाला, एक, आणि मग दुसरा. नजर बाईंच्या डोक्यावरून भिंतीवर कुठेतरी लागली होती. ते आपल्या उबदार जागेत गेले होते.

"कशाने गेली?" त्यांनी शांतपणे विचारलं.

बाईंनी हात काढून घेतला. "तसा श्वास घेऊ नका," त्या म्हणाल्या. "आज नका घेऊ. घाबरायचं असेल तर घाबरा, रडायचं असेल तर रडा, नाहीतर ओरडा माझ्यावर. पण इथे राहा."

"घाबरलो की मला काहीच करता येत नाही गं," काका म्हणाले. "तू रडत असलीस तरी मला वाटतं, माझंच काहीतरी चुकलंय. असं निदान तुझ्याजवळ बसता तरी येतं."

ते खरंच बोलत होते, आणि त्यांच्या परीने जमेल तेवढं करत होते. बाईंना तेही दिसलं. त्या उठल्या, बॅग भरली. मी येतो बरोबर, काका म्हणाले. नको, बाई म्हणाल्या.

सगळं उरकल्यावर बहिणीच्या घरी बाई एकट्याच राहिल्या. शाळेत रजा टाकली. घर रिकामं करायचं होतं, भांडी, कपडे, कपाटं, माळ्यावरचं सामान. चार दिवसांत होणारं काम होतं. बाईंनी ते संपू दिलं नाही. एक कपाट दोनदा लावलं. रजा वाढवली, मग आणखी वाढवली. मुलगी फोनवर म्हणाली की आई, तुझ्या मनाला जरा विश्रांती मिळतेय, बरंच आहे.

काका रोज संध्याकाळी फोन करायचे, आणि फोनवर ते निराळेच होते. एका म्हाताऱ्याने नवी कवळी मिळाल्या मिळाल्या पेरूवर चालवली आणि पुढचे दात पेरूतच राहिले, हे सांगताना ते स्वतःच इतके हसले की बाईंनाही हसू आवरलं नाही. पॉलिशच्या यंत्राचं, प्रयोगशाळेच्या नव्या मालकाचं, लहानपणी पोहायला शिकताना कसे बुडता बुडता वाचले त्याचं, काय काय सांगायचे. पोहण्याची ती गोष्ट बाईंनी कधीच ऐकली नव्हती. एवढ्या वर्षांच्या संसारात जेवढं ऐकलं नसेल तेवढं त्या बहिणीच्या रिकाम्या होत चाललेल्या घरात, जमिनीवर चटई टाकून, भिंतीला टेकून ऐकत होत्या. कधी येतेस, असं एकदा त्यांनी विचारलं. बघते, बाई म्हणाल्या, आणि दोघांनाही जरा बरं वाटलं, हे दोघांनाही कळलं.

एका संध्याकाळी काका सांगत होते की तो म्हातारा पुन्हा आला होता, आता कवळी काढून खिशात ठेवून पेरू खातो. बाई हसता हसता बोलून गेल्या, "अहो, पण परवा तर तुम्ही म्हणालात तो परगावी गेलाय म्हणून."

पलीकडचं बोलणं थांबलं. मग फोनमधून तो श्वास ऐकू आला, लांब, सावकाश सोडलेला. बाई तो पूर्ण होईपर्यंत थांबल्या. आणि मग, काका काही म्हणायच्या आत, इथल्या नळाला आज पाणीच नव्हतं, असं त्यांनी सांगायला सुरुवात केली.